पाण्यात पीळ बदलणारा प्रोपेलर: मराठवाड्यातल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात कुठून करावी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. त्यामुळे इथल्या कॉलेजात कुणी बोटीच्या प्रोपेलरवर प्रोजेक्ट घ्यायचं म्हटलं, की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला: टेस्टिंग कुठं करणार? त्याचं उत्तर गावोगावी आहे, शेततळं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. प्रोजेक्ट अडतो तो पाण्यावाचून नव्हे. बहुतेक ग्रुप आधी पातं बनवायला घेतात आणि मोजमाप शेवटच्या महिन्यावर ढकलतात. मग व्हायवाला 'सर, हे बघा, वळतं' एवढंच दाखवता येतं. किती वळलं, कोणत्या लोडला वळलं, त्यानं टॉर्क किती घटला, यावर सगळे गप्प. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी किती वळणार याचा हिशेब, मग ते मोजायची सोय, आणि त्यानंतर पातं.

विषय निवडताना एक घोळ मिटवून घ्या. 'आकार बदलणारा प्रोपेलर' या नावाखाली निरनिराळी यंत्रं येतात. एकात पाती कडक असतात, फक्त मुळाशी फिरून पिच (पातं न घसरता एका फेऱ्यात जितकं पुढे जाईल ते अंतर) बदलतात. कॅप्लान टर्बाइनच्या कल्पनेवरून स्वीडनच्या कामेवा कंपनीनं १९३७ च्या सुमारास हा प्रकार जहाजांवर आणला, आणि आज तो फेरीबोटी, टग, युद्धनौका सगळीकडे आहे. दुसरा शिडाच्या बोटींवरचा मिटणारा प्रोपेलर. तिसऱ्यात पातं स्वतःच लोडखाली पिळलं जातं. फायबरची दिशा अशी ठेवायची, की पातं वाकलं की त्याचा पिच आपोआप कमी व्हावा. चौथ्यात पात्याच्या आत स्मृती-मिश्रधातूची (तापवल्यावर मूळ आकाराला परतणारी) तार किंवा पिझो (वीज दिल्यावर आकार बदलणारी) पट्टी बसवून पीळ हवा तेव्हा द्यायचा. व्हिडिओंमध्ये दिसणारा वेटोळ्यांचा टोरॉइडल प्रोपेलर यात बसत नाही, त्याचा आकार कायम तोच राहतो.

पहिल्या प्रोजेक्टला तिसरा प्रकार घ्या. पहिल्यात हबमधल्या लिंकेजची ढिलाई घात करते. अर्ध्या अंशाचा बॅकलॅश लहान मॉडेलमध्ये अगदी सहज येतो, आणि आपण शोधतो आहोत तो परिणामच मुळात एक-दोन अंशांचा आहे. चौथ्याबद्दल शेवटी दोन शब्द.

आकडे आधी

एक उदाहरण धरू, पुढे सगळीकडे तेच वापरू. व्यास १५० मिमी, पाती तीन, पिच भागिले व्यास १.०, फेरे मिनिटाला ९०० म्हणजे सेकंदाला १५, बोटीचा वेग सेकंदाला १.५७ मीटर. वेगाला फेरे आणि व्यासाच्या गुणाकारानं भागलं की 'जे' मिळतो, इथे ०.७. थ्रस्ट (प्रोपेलरचा पुढे ढकलणारा जोर) म्हणजे 'के-टी' गुणिले पाण्याची घनता गुणिले फेऱ्यांचा वर्ग गुणिले व्यासाचा चौथा घात. टॉर्कला 'के-क्यू' घ्यायचा आणि व्यासाचा पाचवा घात. हे दोन गुणांक वाखनिंगन बी-सिरीजच्या (चाचण्या घेतलेल्या प्रमाण प्रोपेलरांच्या मालिकेच्या) बहुपदींतून काढता येतात. ओस्टरवेल्ड आणि व्हॅन ओसानन यांनी १९७५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, के-टीला ३९ पदं आणि के-क्यूला ४७. एक्सेलमध्ये टाइप करायला एक दुपार पुरते. एका पदाचं चिन्ह चुकलं तरी आलेख वरवर ठीकच दिसतो, म्हणून छापील आलेखावरचे दोन-तीन बिंदू ताडून बघा.

आपल्या उदाहरणात जे ०.७ ला के-टी साधारण ०.१८ आणि के-क्यू ०.०३१ धरा. थ्रस्ट येतो २०.५ न्यूटन, टॉर्क ०.५३ न्यूटन-मीटर, पॉवर ५० वॉट, कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास. आता बोट बांधून ठेवा, म्हणजे जे शून्य. के-टी ०.४२ आणि के-क्यू ०.०६ पर्यंत चढतात. त्याच ९०० आरपीएमला थ्रस्ट ४८ न्यूटन होतो, टॉर्क १ न्यूटन-मीटरच्या वर जातो आणि मोटरला ९७ वॉट द्यावे लागतात. टॉर्क जवळपास दुप्पट झाला. ओढ काढणाऱ्या टगची किंवा जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरची अडचण हीच. मोकळ्या पळण्याला जुळवलेला पिच ओढताना इंजिनाला जड पडतो, आणि ओढण्याला जुळवला तर पळताना पुरत नाही. लोड वाढल्यावर आपणहून पिच उतरवणारं पातं इथं कामाला येतं. शिवाय बोटीच्या मागे पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. एका फेऱ्यात पात्यावरचा लोड वरखाली होतो, लवचीक पातं त्यातला काही भाग पचवतं, आणि त्यामुळे थरथर व पोकळीकरणाचा (पात्यावर दाब घटून बनलेले वाफेचे बुडबुडे फुटण्याचा) आवाज कमी होऊ शकतो. नौदलांना या विषयात रस आहे तो मुख्यतः या आवाजापायी.

पीळ किती लागेल? ०.७ त्रिज्येवर पिचचा कोन २४.५ अंश आहे. तो १ अंशानं उतरला की पिच भागिले व्यास १.० वरून ०.९५ वर येतो, म्हणजे साडेचार टक्के. जे ०.७ ला त्यामुळे के-टी ढोबळमानानं दहा टक्क्यांनी घटतो, जे शून्यला पाचेक टक्क्यांनी. यावरूनच मोजमापाची अट ठरते: तुमच्या सेटअपची चूक पाच टक्के असेल, तर बोलार्ड टेस्टमध्ये (बोट बांधून, जे शून्यला घेतलेल्या चाचणीत) एका अंशाचा परिणाम दिसणारच नाही.

मॉडेलला कार्बन फायबर का नको

इथे भल्याभल्या ग्रुपची गाडी रुळावरून उतरते. खऱ्या जहाजावर कार्बन वापरतात, म्हणून हेही कार्बनच आणतात. पातं पाण्यात ढिम्म हलत नाही. कारण साधं आहे. पातं किती वाकेल हे पाण्याचा दाब आणि साहित्याचा कडकपणा यांच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि दाब टोकाच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. मोठ्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला ३० मीटर धरा. आपला आहे ७ मीटर. वेगाचं गुणोत्तर सव्वाचार, त्याचा वर्ग अठरा. त्या प्रोपेलरच्या लॅमिनेटचं परिणामी मॉड्युलस (साहित्याच्या कडकपणाचं माप) ६० गिगापास्कल असेल, तर हुबेहूब तसंच वागणाऱ्या मॉडेलला साधारण ३.३ गिगापास्कल हवं. हा आकडा इपॉक्सीचा किंवा पीएलएचा आहे, कार्बनचा नाही.

मग पीएलए प्रिंट करून मोकळं व्हावं का? मॉड्युलस जुळतं, पण वाकण्यातून पीळ येण्यासाठी साहित्य एका दिशेला कडक आणि दुसरीला मऊ असावं लागतं. प्रिंटच्या रेघांची दिशा बदलून तो फरक फारच थोडा मिळतो. कामाची युक्ती अशी: अर्धवट कडक पॉलियुरेथेन, शोअर डी (पृष्ठभागाच्या कडकपणाचं माप) ६० ते ७०, मॉड्युलस साधारण अर्धा गिगापास्कल, आणि त्यात अगदी थोडी काच, म्हणजे काचेचे धागे. काचेचं मॉड्युलस ७२ गिगापास्कल. आकारमानाच्या ५ टक्के काच टाकली तर फायबरच्या दिशेनं सुमारे ४ गिगापास्कल मिळतं, आडव्या दिशेनं अर्ध्याच्या जवळच राहतं. आठास एक हे प्रमाण पीळ मिळवायला पुरेसं आहे.

एका पात्याचं आकारमान ६ घनसेंटिमीटरच्या आसपास भरतं. ५ टक्के म्हणजे ०.३ घनसेंटिमीटर काच, वजन पाऊण ग्रॅम. ६०० टेक्सचं रोविंग (काचेच्या धाग्यांची न पिळलेली जुडी) मीटरला ०.६ ग्रॅम असतं, म्हणजे एका पात्याला सव्वा मीटर पुरतं. १२ सेंटिमीटरचे दहाएक तुकडे, प्रत्येकाचा अर्धा भाग एका पृष्ठाला, अर्धा दुसऱ्याला. वजन सोनारी डिजिटल काट्यावर करा, स्वयंपाकघरातला काटा यात कामाचा नाही.

फायबर कोणत्या बाजूला कलवायचं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. फायबर पात्याच्या लांबीशी साधारण २५ अंशांनी तिरकं हवं, पण कुणीकडे? पिच कमी व्हायला हवा असेल तर फायबर मुळाकडून टोकाकडे जाताना पुढच्या कडेकडे कलतं ठेवायचं. असं ठेवलं की पात्याची मऊ दिशा मागच्या कडेच्या टोकाकडे जाते. लोड आला की मागची कड जास्त उचलली जाते, पुढची मागे राहते, कोन उतरतो. उलट कलवलं तर लोड वाढला की पिच वाढतो, पिच वाढला की लोड आणखी वाढतो, आणि तुमचा प्रोपेलर मोटरचा फ्यूज उडवतो.

हे समजूनही चूक होते, ती साच्यात. दोन्ही पृष्ठांवरचं फायबर आरपार बघितलं तर एकाच दिशेला दिसलं पाहिजे. साचा मात्र दोन तुकड्यांचा, पुस्तकासारखा उघडलेला. दोन्ही तुकड्यांत 'उजवीकडे २५' असं लावलं की साचा मिटल्यावर एक थर उजवा आणि दुसरा डावा होतो, आणि पीळ जवळपास रद्द. साच्याच्या दोन्ही तुकड्यांवर पुढची कड ठळक मार्करनं रंगवा आणि सगळे कोन त्या कडेच्या संदर्भानंच बोला. डावं-उजवं हे शब्द त्या टेबलावर नकोतच.

साचा ॲल्युमिनियमचा हवा. तीन-अक्षी व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) ६ मिमी आणि शेवटी ३ मिमी बॉलनोजनं तो निघतो, पाच-अक्षी मशीनची गरज नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या जॉबशॉपवाल्यांना स्टेप फाईल दिली तरी पुढच्या कडेची त्रिज्या किती ठेवायची हे कागदावर वेगळं लिहून द्या, नाहीतर ती घासूनपुसून बोथट होऊन येते. संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि पॉलिमरच्या चाचण्यांसाठी सिपेट आहे. आपल्या पॉलियुरेथेनच्या पट्ट्या टेन्साइल मशीनवर ताणून खरं मॉड्युलस काढून घ्या. पुरवठादाराच्या डेटाशीटमध्ये शोअर कडकपणा असतो, मॉड्युलस बहुधा नसतंच.

ओतकाम पावसाळ्यात करू नका. पॉलियुरेथेनच्या आयसोसायनेटला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पात्यात बुडबुडे भरतात. रोविंगला दिसत नसला तरी ओलावा धरलेला असतो, ते ८० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवून गरम असतानाच वापरा. इपॉक्सीवाल्यांना अडचण उन्हाळ्यात. एप्रिल-मेच्या ४० अंशांत हार्डनर घातलेला शंभर ग्रॅमचा कप हातातच तापून धूर सोडतो. लहान लहान घाणे करा आणि सकाळी करा. पीएलएचे प्रिंट मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पिच बदललेला प्रोपेलर वरून बघून ओळखू येत नाही.

मूळ हा सगळ्यात कमकुवत भाग. एका पात्याला नेहमीच्या लोडला ७ न्यूटन आणि बोलार्डला १६ न्यूटन येतात, तेही ०.७ त्रिज्येवर. ताण फार नाही, पण पॉलियुरेथेन गुळगुळीत पितळेला धरत नाही. मुळात ओतायचा एम-४ चा स्टड नर्लिंग करून घ्या, त्यातून २ मिमीची आडवी पिन काढा. रोविंगचा तुकडा मधोमध त्या पिनीवर वळवून एक पाय एका पृष्ठावर, दुसरा दुसऱ्यावर न्या. आता पातं उपटायचं तर काच तोडावी लागेल. मुळाशी फिलेट ३ मिमीपेक्षा कमी नको. तीन पात्यांच्या वजनात एक टक्क्याहून जास्त फरक दिसला तर जुळणारी तीन मिळेपर्यंत ओतत राहा. म्हणून पाती तीन नव्हे, सहा-सात धरूनच साहित्य आणा.

साच्याचा आकार मूळ डिझाइनचा ठेवायचा नाही, हे लक्षात असू द्या. चालत्या लोडला पातं १ अंश उतरणार असेल, तर साच्यात ते १ अंश जास्त हवं, म्हणजे पिच भागिले व्यास १.०५ च्या जवळ. जास्त पिच म्हणजे जास्त लोड, जास्त लोड म्हणजे जास्त पीळ, म्हणून हा हिशेब फिरवून फिरवून करावा लागतो: दाब काढा, त्यानं वाकलेला आकार काढा, त्या आकारावर पुन्हा दाब. टोकाच्या कोनातला बदल ०.०५ अंशाखाली आला की थांबा, साधारण चार-पाच फेऱ्यांत येतो. प्रोपेलरसाठी ओपनप्रॉप, प्रवाहासाठी ओपनफोम, ताणासाठी कॅलक्युलिक्स ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, आणि शेवटच्या दोघांना जोडायला प्रीसाइस. पण पहिली आवृत्ती एक्सेलमध्ये कँटिलिव्हरच्या सूत्रानं करा. ती आली नाही तर सॉफ्टवेअरनं दिलेला रंगीत फोटो खरा की खोटा हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

भिंतीवरची लेझर चाचणी

पाण्यात जायच्या आधी ही चाचणी कराच. खर्च नगण्य, आणि निम्म्या चुका इथंच सापडतात.

पात्याचा स्टड व्हाइसमध्ये धरा, पातं आडवं, सक्शनची (कमी दाबाची) बाजू खाली. टोकाशी १० मिमीचा आरशाचा तुकडा चिकटवा. लेझर पॉइंटर स्टँडवर पक्का बांधा, त्याचा ठिपका आरशावरून २ मीटरवरच्या भिंतीवर पडू द्या, तिथं आलेख कागद लावा. ०.७ त्रिज्येवर दोरा बांधून आधी ७०० ग्रॅम, मग १.६ किलो लटकवा. हे आपले दोन लोड. पातं वाकलं की ठिपका एका दिशेनं सरकतो, पिळलं की त्याला काटकोनात. परावर्तनात कोन दुप्पट होतो, म्हणून १ अंशाला ठिपका ७० मिमी सरकतो. २ मिमीपर्यंत वाचता आलं तरी ०.०३ अंश हाती लागतो, आणि एवढी अचूकता लाखभराच्या कॅमेऱ्यानंही सहजी मिळत नाही.

दोरा कॉर्डवर (पात्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीवर) कुठे बांधता याला महत्त्व आहे. चालत्या लोडला दाबाचं केंद्र मध्याच्या थोडं पुढे असतं. बोलार्डला पाण्याचा कोन वाढतो आणि ते केंद्र पुढच्या कडेपासून पाव कॉर्डकडे सरकतं. तिथला लोड पुढची कड उचलतो, म्हणजे पिच वाढवू बघतो, नेमकं आपल्या फायबरच्या कामाविरुद्ध. म्हणून १.६ किलो पाव कॉर्डवर लटकवूनही पीळ उतरतीचाच येतो का, हे बघा. येत नसेल तर दोन उपाय: कोन थोडा बदला, किंवा टोक मागे झुकवून पात्याला स्क्यू द्या. मागे झुकलेल्या टोकावरचा लोड मागची कड उचलतो आणि फायबरला हातभार लावतो.

वाचन १० सेकंदांनी, १ मिनिटानं आणि १० मिनिटांनी घ्या. पॉलियुरेथेन सरकत राहतं. वजन काढल्यावर ठिपका जागेवर परत येतो का, तेही नोंदवा. आणि ही चाचणी पाण्याच्या तापमानाला करा. दुपारच्या ४० अंशांतलं पातं आणि तळ्यातल्या २५ अंशांतलं पातं यांचं मॉड्युलस एक नसतं. बादलीत पंधरा मिनिटं बुडवून काढलेलं पातं ताबडतोब तपासा.

हौद, शेततळं आणि लोडसेल

मोटर २४ व्होल्ट २५० वॉटची, ई-स्कूटरवाली. तिचे फेरे २६०० च्या वर असतात, टायमिंग बेल्टनं तीनास एक उतरवले की ९०० च्या आसपास येतात. मोटर बेल्टसकट, प्रोपेलरच्या शाफ्टभोवती झुलणाऱ्या पाळण्यात टांगून १०० मिमीच्या हातावर लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) लावा, त्यावरून टॉर्क कळतो. बोलार्डला या हातावर १० न्यूटनच्या वर येतात, म्हणून १ किलोचा सेल पुरत नाही, २ किलोचा घ्या. थ्रस्टला लोक ५ किलोचा लावतात. आपले ४८ न्यूटन म्हणजे त्याची कड, झटक्यात तो कायमचा वाकू शकतो. १० किलोचा घ्या. लोडसेलचं वाचन घेणारे एचएक्स-७११ चे तयार बोर्ड बहुधा सेकंदाला १० नमुन्यांवर लावून येतात. रेट पिन वर केली की ८० मिळतात. शून्य प्रत्येक धावेआधी आणि नंतर घ्या, उन्हात लोडसेल सरकतो. शाफ्टच्या सीलचं घर्षण पाती काढून, नुसता हब फिरवून मोजा आणि वजा करा. लहान मॉडेलमध्ये ते टॉर्कचा चांगला मोठा हिस्सा असू शकतं, आणि सील जुनं होईल तसं बदलतं.

बोलार्ड टेस्ट कॉलेजच्या सिमेंटच्या हौदात होते. शाफ्ट पाण्याखाली किमान दीड व्यास, म्हणजे २२५ मिमी हवा, नाहीतर पातं वरून हवा ओढतं आणि थ्रस्ट अचानक पडतो. लहान हौदात पाणी भिंतीवरून फिरून परत प्रोपेलरवर येतं आणि जे शून्य राहत नाही. चालू केल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतलंच वाचन धरा, मग पाणी शांत होईपर्यंत थांबा.

चालत्या टेस्टला शेततळं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात उतार सोडून २० मीटरची सरळ धाव मिळते. १.५७ मीटर वेगानं बारा-तेरा सेकंद, त्यातला वेग घेण्याचा आणि थांबण्याचा भाग सोडला की सहा-सात सेकंदांचं स्थिर वाचन. बोट नुसती पुढून दोरीनं ओढू नका. प्रोपेलरचा थ्रस्ट बोटीच्या विरोधापेक्षा जास्त झाला की बोट दोरीच्या पुढे पळते आणि वेग तुमच्या हातात राहत नाही. दोन काठांवर पुली लावून दोरीचा बंद फेरा करा आणि बोट त्याला दोन्हीकडून बांधा. दोरी पॉलिएस्टरची विणलेली घ्या, नायलॉन ताणतं आणि बोट हिसके खाते. प्रोपेलर बोटीच्या पुढे लांब शाफ्टवर ठेवा, म्हणजे त्याला बोटीनं न ढवळलेलं पाणी मिळतं.

तळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, हवेच्या ट्यूब ठेवा, काठावरच्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, एकट्यानं कुणी जायचं नाही. मोटरपंपाची वायर काठावर नको, सगळं बॅटरीवर. शेतकऱ्याला आधी विचारा, आणि शेवाळ असेल तर दुसरं तळं बघा. नाथसागरावर (जायकवाडीच्या जलाशयावर) जायचा मोह होतो, पण तिथं जलसंपदा विभागाची परवानगी लागते, शिवाय ते पक्षी अभयारण्य आहे. लाटाही असतात. तळंच बरं. टेस्टिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी वारा सुटायच्या आत उरका. एप्रिलपर्यंत बहुतेक तळी तळाला गेलेली असतात.

आता टेस्टचा गाभा. सोबत त्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा कडक प्रोपेलर हवाच, पिच भागिले व्यास १.० चा. कडक आणि लवचीक दोन्ही एकाच दिवशी चालवा. २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की पाण्याची श्यानता वीस टक्क्यांनी उतरते आणि ०.७ त्रिज्येवरचा रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहाच्या जोराचं श्यानतेशी गुणोत्तर) २.३ लाखांवरून २.९ लाखांवर जातो. एवढ्या लहान आकड्यांना त्याचा परिणाम के-क्यूवर दिसतो. जे ०.७ ला दोघांचे के-टी आणि के-क्यू जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर साच्यात दिलेला जादा पीळ चुकला. जे शून्यला लवचीकाचा टॉर्क कमी आला पाहिजे.

पण खरी कसोटी पुढची आहे, आणि ती बहुतेक रिपोर्टांत नसते. जे बदलायचा तर फेरे तेच ठेवून बोटीचा वेग बदला. मग तीच मालिका ६०० आणि १२०० आरपीएमला पुन्हा करा, १२०० ला बेल्ट दोनास एक लावून. कडक प्रोपेलरचा के-टी फक्त जे वर ठरतो, त्याचे तिन्ही आलेख एकमेकांवर बसतील. लवचीकाचा के-टी टोकाच्या वेगावरही ठरतो, त्याचे आलेख सुटे होतील, १२०० चा सगळ्यात खाली. कडक प्रोपेलरचेही सुटे झाले तर दोष सेटअपमध्ये: बहुधा सीलचं घर्षण, नाहीतर ६०० ला रेनॉल्ड्स फार खाली गेलेला. हा एक आलेख परीक्षकापुढे ठेवला की बाकीचे वीस फोटो लागत नाहीत. मोटर १२०० ला बोलार्डवर पावणेदोनशे ते सव्वादोनशे वॉट मागते, तेव्हा वाचन लवकर आटपा.

थरथरीचा विषय थोडक्यात. पात्याभोवतीचं पाणी त्याच्यासोबत हलतं, त्यामुळे पाण्यात पात्याची नैसर्गिक वारंवारता हवेतल्यापेक्षा बरीच खाली येते, आणि हलक्या साहित्यात ती धातूपेक्षा जास्त उतरते. पातं बादलीत बुडवून टिचकी मारा, ॲक्सिलरोमीटरनं वारंवारता बघा. ती १५, ३० किंवा ४५ हर्ट्झच्या जवळ असेल तर ९०० आरपीएम टाळा.

स्मृती-मिश्रधातूचं आकर्षण सगळ्यांना असतं. ०.२५ मिमीची नायटिनॉल तार १ ॲम्पिअरच्या करंटला ९०० ग्रॅमच्या आसपास ओढते, हे ऐकायला छान. पण ती ७०-९० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि बाहेर पाणी आहे, जे उष्णता लगेच ओढून घेतं. फिरत्या हबमध्ये करंट न्यायला पाण्यातलं स्लिप रिंग लागतं. तारेचं आयुष्य हवं असेल तर तिला तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त आखडू देता येत नाही. एम.टेक.ला घ्या. बी.ई.च्या वर्षात वर्ष संपतं, तार संपत नाही.

पुढे काय

बारावीनंतरच या वाटेला लागायचं असेल तर कोचीनच्या कुसॅट विद्यापीठात नेव्हल आर्किटेक्चरचं बी.टेक. आहे, आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसमध्येही. मेकॅनिकल करून यायचं तर आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर इथं ओशन इंजिनिअरिंगचे विभाग आहेत. गेटमध्ये २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, पण मेकॅनिकलच्या मुलानं तो द्यावा की आपलाच, हे त्या वर्षीच्या प्रवेशाच्या अटी वाचून ठरवा. कामाची ठिकाणं: विशाखापट्टणमची एनएसटीएल ही डीआरडीओची प्रयोगशाळा, जिथं टोइंग टँक आणि कॅव्हिटेशन टनेल दोन्ही आहेत; चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था); मुंबईत माझगाव डॉक आणि इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग; कोचीन आणि गोव्याची शिपयार्डं. एनआयओटी विद्यार्थ्यांसाठी स्वयंचलित पाणबुडीची स्पर्धा घेत आली आहे. तिथं आपला प्रोपेलर दुसऱ्याच्या बोटीवर चालवून बघायची संधी मिळते.

जहाजाकडे जायचं नसेल तरी हे काम वाया जात नाही. बीड-धाराशिवच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांच्या पात्यांना हाच हिशेब लागतो, आणि वाकण्यातून पीळ ही कल्पना त्या उद्योगात चांगली रुळलेली आहे. कंपोझिटच्या कारखान्यात मुलाखतीला गेलात तर पात्याचा फोटो बाजूला ठेवा आणि लेझर चाचणीचा कागद काढा: लोड, कोन, किती मिनिटांनी घेतलेलं वाचन, शून्य परत आलं की नाही. '२५ अंशच का घेतले?' हा प्रश्न येतोच. २०, २५ आणि ३० अंशांची एकेक पट्टी ओतून तिघींचा पीळ मोजलेला असेल, तर उत्तराला अर्धं मिनिट लागतं.